नारळाएवढा दगड

गोविंदसिंगानं सायकल स्टँडवर लावली आणि दुधाची बरणी हँडलच्या उजव्या मुठीला अडकवली. एवढंच झालं. त्याच्याच टपरीवरचा चहा माझ्या हातात होता, अर्धा प्यालेला, आणि मी उगाच त्या सायकलकडे बघत होतो. हँडल आधी जागचं हललं नाही. मग हळूच, कोणी पाहत तर नाही ना असं करत, उजवीकडे कललं आणि पुढचं चाक वळून थांबलं. हातातला ग्लास मी कधी खाली ठेवला ते आठवत नाही. गोविंदसिंग म्हणाला, काय झालं शालिकभाऊ, माशी पडली काय चहात. मी नाही म्हणालो. माशी पडली असती तर बरं झालं असतं.

सकाळी साडेनऊला तांड्यावरच्या धनराजची विजेवरची व्हॅन माझ्या गॅरेजातून गेली होती. तिच्या स्टिअरिंगच्या उजव्या दांडीला लाल कापडात बांधलेला नवसाचा नारळ लटकत होता, आणि तो लटकत असतानाच मी त्या गाडीला सरळ म्हणजे काय ते शिकवलं होतं. गाड्यांतलं ज्याला ओ की ठो कळत नाही त्यालाही हे कळेल, म्हणून सांगतो. या गाडीचं स्टिअरिंग हलकं करायला एक मोटर असते, आणि त्या मोटरला कधी आणि किती जोर लावायचा हे सांगणारा तळहाताएवढा एक डबा असतो. कंट्रोल मॉड्यूल म्हणतात त्याला. धनराजच्या गाडीत पावसाळ्यात पाणी शिरलं, डबा मेला आणि स्टिअरिंग जात्यासारखं जड झालं. नवा डबा पुण्याहून यायला बारा दिवस लागले. काल मी बॅटरीची वायर सोडली, नारिंगी केबलींना हात लागू दिला नाही, कारण त्यांना हात लागला की माणूस थेट भिंतीवरच्या फोटोत जातो, आणि डॅशबोर्डाखाली आडवा पडून जुना डबा काढून नवा बसवला. पण नवा डबा कोरा असतो. गाडी सपाट जागी घ्यायची, चाकं सरळ करायची, स्टिअरिंगवरचे हात सोडून द्यायचे आणि स्कॅनरवर बटन दाबायचं. त्या घटकेला स्टिअरिंगवर जो भार असेल त्याला तो शून्य धरतो, कायमचा. मी हात सोडले होते. नारळ मात्र लटकतच होता. म्हणजे नारळ आहे तोवर गाडी सुतासारखी सरळ. मीच हायवेवर चालवून पाहिली होती आणि स्वतःच्या पाठीवर थाप मारून घेतली होती. पण नारळ काढला की डब्याला वाटणार, कोणीतरी स्टिअरिंग डावीकडे ओढतंय, आणि तो इमानदारीनं त्याला मदत करणार. भर वळणात त्याचा हिशेब जुळला नाही तर तो घाबरून सगळंच सोडून देणार, आणि हलकं स्टिअरिंग एका क्षणात जातं होणार. आणि धनराजच्या घरची माणसं आज निघालीच होती नारळ काढायला. मेडशीच्या पुढं जंगलात एक फाटा फुटतो, त्या टेकडीवर त्यांच्या याडीचं ठाणं आहे. याडी म्हणजे आई, तांड्याची देवी. तिथं नारळ सोडायचा, फोडायचा आणि उतार उतरून परत यायचं. उताराला तीन वळणं आहेत आणि उतरताना डाव्या हाताला खोल नाला आहे.

मी धनराजला फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. पुन्हा लावला. तो उचलणार नाही हे मला ठाऊक होतं, कारण तो कायदा माझाच. गेल्या महिन्यात त्याला कानाला फोन लावून येताना पाहिलं आणि चारचौघांत झापलं की चालत्या गाडीत फोन घेतला तर माझ्या दाराशी गाडी आणायची नाही. पोरगं गुणाचं. तेव्हापासून फोन डॅशबोर्डाच्या कप्प्यात टाकतो आणि उतरल्यावरही विसरतो. बाकी कोणाचा नंबर माझ्याकडे नव्हता. मी स्कॅनरची बॅग गळ्यात अडकवली, गॅरेजचं शटर अर्धं ओढलं आणि मोटरसायकलला किक मारली. गोविंदसिंग मागून ओरडला, पैसे उद्या देजो. मालेगावच्या चौकात बैलगाडी आडवी होती, तिच्यावर सोयाबीनची पोती. मी हॉर्नवरचा अंगठा काढलाच नाही. म्हाताऱ्यानं मला शिवी दिली. बरोबर दिली.

कोणी म्हणेल, मिस्तरी, नारळ दिसला नाही का. दिसला ना. डोळ्यांसमोर चार बोटांवर होता. मी डॅशबोर्डाखाली पडलो होतो तेव्हा तो माझ्या नाकावर झोके खात होता, त्याच्या कापडाला हळदीचा वास येत होता. धनराजची आई कमलीबाई दाराशी बसून होती. ती म्हणाली होती की त्याला हात नको लावू मिस्तरी, आमच्या घरच्याशिवाय कोणी सोडू नये. मंजूचं, म्हणजे तिच्या सुनेचं, पहिलं पोर उसाच्या फडात गेलं होतं, पोटातच. या वेळी कमलीबाईनं नवस बोलला की पोर सवा महिन्याचं झालं की गाडीनं आणते तुझ्या दाराशी, आणि नारळ गाडीलाच बांधला. गाडी घेतलीच होती मंजूला फडावर जावं लागू नये म्हणून. दिवाळी झाली की सगळा तांडा ऊस तोडायला निघेल आणि हे तिघं मागं राहतील, शाळेची पोरं ने-आण करतील. हे सगळं मला माहीत होतं. मी एवढंच म्हणायचं होतं की धनराज, दोन मिनिटं तुझ्या हातानं नारळ सोड, मी बटन दाबतो, मग परत बांध. एका वाक्याचं काम. कमलीबाईनं नाही म्हटलं नसतं. मी, जो दसऱ्याला लोकांनी चाकाखाली लिंबू ठेवलं की लिंबाचं सरबत करा म्हणतो, तो मी ते वाक्य बोललो नाही. मग स्वतःला सांगितलं, अर्ध्या किलोच्या नारळानं काय होतं. अर्ध्या किलोच्या नारळानं काय होतं हे माझ्याइतकं या जिल्ह्यात कोणाला माहीत नसेल.

मालेगाव सुटल्यावर रस्त्याला दोन्हीकडे तूर उभी होती, पिवळी झालेली, आणि सोयाबीनच्या मळणीची धूळ हवेत तशीच थांबली होती. डोळ्यांत जात होती. मी हेल्मेटची काच खाली केली नाही. शिरपूरला आमच्या घरात अशीच धूळ यायची, तेव्हा सोयाबीन नव्हतं, ज्वारी होती. मी नऊ वर्षांचा होतो. माझा मोठा भाऊ भागवत बारा वर्षांचा, अकोल्याच्या दवाखान्यात मेंदूज्वरानं पडला होता. बाप त्याच्याजवळ, आई दोन दिवस तिकडे दोन दिवस इकडे. आईनं लाल कापडात नारळ बांधून आढ्याला टांगला होता. भागवत घरी आला की सोडीन म्हणाली होती. त्या दुपारी ती अकोल्याला गेली होती आणि मी घरात एकटा होतो. भूक लागली होती असं म्हटलं तर मला सोपं जाईल. भूक नव्हती. टोपलीत भाकरी होती, शेजारच्या काकूनं वांग्याची भाजी दिली होती. मला नारळ खावासा वाटला, बस. पाट्यावर डबा ठेवून चढलो, गाठ दातांनी सोडली, उंबऱ्यावर नारळ फोडला, पाणी प्यालो, गुळाबरोबर खोबरं खाल्लं, सगळं. करवंट्या उकिरड्यात पुरल्या. आणि अंगणातले दगड एकेक हातात घेऊन पाहिले, नारळाएवढा भरला तो कापडात बांधला आणि परत आढ्याला टांगला. नऊ वर्षांच्या पोराची गाठ. चौथ्या दिवशी भागवत गेला.

आईनं ते गाठोडं न उघडताच नदीत सोडलं. सोडताना तिनं गाठ पाहिली असणार, कारण त्यानंतर आयुष्यभर ती एकच म्हणत आली आहे, माह्या हातची गाठच ढिली राह्यली. पाहुण्यांना म्हणते, बाजारात भेटलेल्या बाईला म्हणते, लग्नात म्हणते. आजही शिरपूरहून एसटीनं मला डबा पाठवते तर फडक्याला तीन-तीन गाठी असतात, त्या सोडताना माझी नखं दुखतात. पिठाच्या पिशवीला तीन गाठी. औषधाच्या पुडीला तीन गाठी. मी पंचेचाळीस वर्षांचा झालो आणि एकदाही म्हणालो नाही की आई, गाठ तुझी नव्हती. मेंदूज्वरानं माणूस मरतो, नारळानं मरत नाही, हे मला कळतं. मी काय अडाणी आहे? पण कळणं डोक्यात असतं आणि नारळ दिसला की हात थांबतो. कोंबडं झाकलं म्हणून काय तांबडं फुटायचं राहतं? आणि सगळ्यात वाईट काय सांगू, तो नारळ फार गोड होता. त्यानंतर मी खोबरं तोंडात घातलेलं नाही. लोक विचारतात तेव्हा पित्त होतं म्हणतो.

मेडशीच्या बसथांब्यावर विचारलं. पांढरी व्हॅन तासाभरापूर्वी गेली म्हणे, बाया गाणं म्हणत होत्या. तासाभरात वर पोचायचं, पूजा करायची, आता नारळ फुटला असेल. फाट्यापासून रस्ता कच्चा. मोटरसायकल खडीवरून घसरत होती आणि मी प्रत्येक वळणावर आधी उजवीकडे, नाल्यात बघत होतो, मग रस्त्याकडे. पहिल्या वळणावर नाल्यात काही पांढरं दिसलं. ब्रेक मारून पाहिलं. सिमेंटचं फाटलेलं पोतं होतं ते. दुसऱ्या वळणावर काही नव्हतं. दुसऱ्यानंतर एक सरळ तुकडा आहे, आणि तिथं मला व्हॅनचं तोंड दिसलं, वरून माझ्याकडे येताना, मुंगीच्या चालीनं. तिचं डावं चाक रस्त्यावरची चाकोरी सोडून कडेच्या मातीवर आलं होतं. धनराज दोन्ही हातांनी स्टिअरिंगला लटकून तिला उजवीकडे आणत होता. मी मोटरसायकल रस्त्यात आडवी टाकली, उभी केली नाही, टाकलीच, आणि दोन्ही हात वर करून उभा राहिलो. गाडी थांबली. आत कमलीबाई, मंजू, मंजूच्या मांडीवर टोपडं घातलेलं पोर आणि तांड्यातल्या तीन बाया. स्टिअरिंगच्या उजव्या दांडीला काही नव्हतं.

उतरा म्हणालो, सगळ्या उतरा, पोराला घेऊन पहिल्यांदा उतरा. बाया माझ्याकडे बघतच राहिल्या. मंजू उतरली, तिनं काही विचारलं नाही, पोराला पदराखाली घेतलं. धनराजचे ओठ पांढरे पडले होते. तो म्हणाला, वर जाताना एकदम मस्त होती हो मिस्तरी, उताराला लागली आणि डावीकडं ओढून राह्यली, डबाच खराब निघाला वाटते. आणि बघा, किती सोपं होतं. हो म्हणायचं, पुण्याहून आलेला माल खराब, परत पाठवतो. कोण विचारणार होतं पुण्याला? डबा तर बिचारा मुका. माझ्या जिभेवर ते वाक्य आलं होतं, पूर्ण, शब्दासकट.

"डबा चांगला हाय," मी म्हणालो. "चूक माही हाय. नारळ लटकेल असताना शिकवलं मी त्याले. नारळ काढ म्हनाले पायजे होतं, म्हनलो नाई."

धनराजला कळायला वेळ लागला. मग त्याचा चेहरा रागानं लाल झाला आणि तो बाजूला जाऊन नाल्याकडे पाठ करून उभा राहिला. कमलीबाई मात्र माझ्यासमोरून हलली नाही. म्हाताऱ्या माणसाचे डोळे असतात तसे तिचे डोळे, पाणी आलेले, पण नजर एका जागी.

"काहून नाई म्हनला?"

"भेव लागलं."

"कोनाचं? माहं?"

"नारळाचं," मी म्हणालो.

मला वाटलं, हसेल. एवढा मोठा मिस्तरी, दाढी पांढरी व्हायला आलेली. करून करून भागला आणि देवपूजेला लागला, असं माझ्या गॅरेजात कोणाला मी स्वतः कितीदा म्हणालो असेन. ती हसली नाही. तिनं फक्त मान हलवली, जशी कोणी गावाचं नाव सांगितल्यावर हलवतात, हो, माहीत आहे ते गाव.

गाडी उतारावर ठेवून डब्याला शिकवता येत नाही, सपाट जागा लागते, आणि सपाट जागा खाली मेडशीला. धनराज म्हणाला, हळूहळू नेतो, धरून ठेवतो घट्ट. मी म्हणालो, तू धरशील, पण पुढच्या वळणात डब्यानं सोडलं तर तुझ्या धरण्यानं काय होणार. मग मी कमलीबाईकडे ते लाल कापड मागितलं. नवसाचं कापड ठाण्याच्या झाडाला बांधायचं असतं, पण पोराच्या अंगावर घालायला म्हणून तिनं ते जवळच ठेवलं होतं. ती विचारू लागली, कशाला. मी सांगितलं, त्यात नारळाएवढा दगड बांधायचा, जिथं नारळ होता तिथंच. तीन बायांत कुजबुज झाली. नवसाच्या कापडात दगड? मी खाली बसलो आणि रस्त्याच्या कडेचे दगड हातात घेऊ लागलो. एक जड होता. एक हलका. एक बसका, त्याला कडा होत्या. चौथा दगड तळहातात घेतला आणि मला कळलं. छत्तीस वर्षांपूर्वी अंगणात कळलं होतं तसंच, जराही फरक नाही. हा नारळाएवढा. तळहात विसरत नाही. मी तसाच बसून राहिलो. कमलीबाई जवळ आली, तिनं माझ्या हातातून दगड घेतला, कापडात ठेवला आणि कापड माझ्यापुढं धरलं.

"बांध," ती म्हणाली. "आमची याडी बी दगडच हाय."

गाठ मी बांधली. स्टिअरिंगच्या उजव्या दांडीला, नारळाच्या जुन्या वळाच्या खुणेवर. तीन गाठी बसल्या, मी ठरवल्या नव्हत्या. बायांना पायी खाली यायला सांगितलं आणि गाडीत मी एकटा बसलो. धनराज शेजारी बसायला आला तर त्याला हाकललं, माझी मोटरसायकल घेऊन मागून ये म्हणालो. एक माणूस पुरे. सरळ तुकड्यावर मी क्षणभर बोटं ढिली केली, गाडी डावीकडे कणभर, अगदी कणभर सरकली. थांबलो, दहा नंबरचा पाना कापडात खुपसला, पुन्हा सोडलं. आता सरळ. तिथून पुढं मला नाला दिसला नाही, रस्ताही दिसला नाही, फक्त तो लाल दगड दिसत होता, वळणावर झोका घेऊन परत जागेवर येणारा. दुसऱ्या वळणात तो दांडीवर आपटला आणि डॅशबोर्डावर पिवळा दिवा लुकलुकला. मी ब्रेकवर पाय दाबला. एवढं वळण निघू दे, असं मी कोणाला तरी म्हणालो. कोणाला ते विचारू नका. दिवा विझला. मी ब्रेकवरचा पाय तसाच ठेवून पहिलं वळण घेतलं, आणि खाली फाट्याचा आंबा दिसला. त्याच्याखाली एक म्हातारा शेळ्या घेऊन बसला होता आणि माझ्याकडे अशा कुतूहलानं बघत होता की मला त्याचा राग आला, आणि मग त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

मेडशीला एका शेतकऱ्याचं खळं रिकामं होतं, सारवलेलं, सपाट. गाडी तिथं घेतली, चाकं सरळ केली. बाया मागून पायी येऊन पोचल्या, कडेला बसल्या, एकीनं पोराला पाणी पाजायचं का विचारलं तर मंजू म्हणाली, एवढ्याशाला पाणी नसते देत. धनराज खिडकीशी उभा होता. मी स्कॅनर लावला. आता फक्त गाठ सोडायची होती. धनराजला सांगता आलं असतं. कमलीबाईला सांगता आलं असतं, नवस तिचा, कापड तिचं. मी नखांनी पहिली गाठ सोडली, मग दुसरी. तिसरी बसली होती घट्ट, ती दातांनी सोडली. दगड मांडीवर पडला. पाना खाली पडला. स्टिअरिंगवर काही नव्हतं, कापड नाही, हात नाही, काही नाही. बटन दाबलं. हिरवी खूण यायला नऊ-दहा सेकंद लागतात. एवढ्या वेळात माणसाला काय काय आठवतं.

खूण आली. खळ्यावर दोन फेऱ्या मारल्या, बोटं सोडून, पुन्हा पुन्हा. मग हायवेवर मेडशीच्या पुलापर्यंत आणि परत. सरळ. धनराज शेवटी म्हणाला, बरं झालं मिस्तरी तुमी आले, आणि लगेच, पन तुमी लई वाईट केलं. दोन्ही खरं होतं. कमलीबाईनं पदरातून खोबऱ्याचा तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला. मी तो घेऊन खळ्याच्या कडेला गेलो आणि शिरपूरला फोन लावला. आई फोन उचलते तेव्हा आधी हॅलो म्हणत नाही, काहून रे म्हणते. काहून रे, म्हणाली.

"आई," मी म्हणालो, "भागवतच्या नवसाची गाठ ढिली नव्हती. तुही गाठ पक्की होती. मी सोडली ती. नारळ मी खाल्ला आनि दगड बांधला."

पलीकडे कोंबड्या होत्या, त्यांचा आवाज येत होता. कोणाची तरी मोटरसायकल गेली. मला वाटलं, फोन कट झाला, पण कानाशी तिचा श्वास ऐकू येत होता. मी आई म्हणालो, आणखी एकदा म्हणालो.

"गोड होता काय रे?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हणालो. "लई गोड होता."